आठाचे सात ढीग

१९ जानेवारी

मामा,

हे पत्र मी तीन महिने टाळलं. त्याआधी सात वर्षं टाळलं, पण त्या सात वर्षांचं पाप घरातल्या सगळ्यांत वाटून घ्यावं लागेल. हे तीन महिने मात्र निखळ माझे. दर रविवारी कागद घ्यायचो, वर 'मामा' लिहायचो, की लगेच काहीतरी तातडीचं निघायचं. पेन अडकायचं. समोरच्या गच्चीवर दोन माणसं पाण्याच्या टाकीवरून भांडायला लागायची, आणि भांडण अर्धवट टाकून उठणं मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. नुसतं 'मामा' लिहिलेली अकरा पानं माझ्याकडे साठलीत. हे बारावं.

तुझा पत्ता आईच्या शिवणाच्या डब्यात मिळाला. चार वर्षांपूर्वी तू पाठवलेलं कार्ड. पत्ता आणि खाली 'खुशाल आहे', बस्स. आईने उत्तर दिलं नाही, पण फेकलंही नाही, बटणांच्या खाली ठेवलंय. तू अजून तिथेच राहतोस का, देव जाणे. राहत नसशील तर हे जे कोणी वाचत असेल त्यांना विनंती, की खुशाल वाचा, पण परत पाठवू नका. परत आलेली पाकिटं ठेवायला माझ्या खोलीत आता जागा नाही.

आई तुझी आठवण काढते, पण तक्रारीतून. मी दोन पायांत दोन वेगळे मोजे घातले की म्हणते, "अगदी मामावर गेलायस. लक्ष म्हणून नाही!" एवढीच तुझी आठवण घरात चालते. त्या दिवशी तुझ्यात आणि तिच्यात काय झालं ते मला नीट माहीत नाही, मी बाहेर होतो.

तर, मी कॉलेजात आहे. हास, हास. मला भिंगरी तूच म्हणायचास. शाळा सोडून ट्रकवर क्लीनर झालो, मग तंबू ठोकणाऱ्यांबरोबर हिंडलो, मग एका बंदरात जहाजांच्या बुडाला रंग लावला. मुकादम ओरडायचा, "अरे डबा चुकीचा उचललास!" आणि मी म्हणायचो, डबा डब्यासारखाच दिसतो, त्यात चुकीचं काय. तिथल्या एका म्हाताऱ्या खलाशाने मला... जाऊ दे, ती गोष्ट मोठी आहे. मुद्दा असा की बाहेरून परीक्षा दिली, पास झालो, आणि आता कापड-रसायनाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पंचविसाव्या वर्षी. वर्गात मला 'आजोबा' म्हणतात.

हा कोर्स का घेतला ते विचारू नकोस. लहानपणी तू कामावरून यायचास तेव्हा तुझ्या अंगाला वाफेचा आणि ओल्या कापडाचा वास यायचा, तो मला आवडायचा. हे काही प्रवेश अर्जात लिहिता येत नाही.

आता घोडं कुठे पेंड खातंय ते सांगतो. एक मार्चपासून सहा महिने कारखान्यात प्रशिक्षण करावं लागतं. कारखाना आपला आपण शोधायचा. कारखान्याचं सही-शिक्क्याचं पत्र सत्तावीस फेब्रुवारीला चारच्या आत खिडकीत पडलं नाही तर वर्ष बुडालं. माझं एक वर्ष हजेरीपायी आधीच बुडालंय, आणि दुसरं बुडलं की नाव कापतात. म्हणजे पुन्हा ट्रक.

प्रशिक्षणाचे जे सर आहेत त्यांना आम्ही परिपत्रक सर म्हणतो. त्यांच्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देतो:

"सर, कारखानेवाले म्हणतात कॉलेजचं पत्र आणा."

"कॉलेजचं पत्र कारखान्याचं पत्र आल्यावर निघतं."

"पण कारखान्याचं पत्र कॉलेजचं पत्र दाखवल्यावर निघतं."

"मग दाखवा."

"काय दाखवू?"

"परिपत्रक वाचा. मुद्दा चार."

मुद्दा चारमध्ये लिहिलंय, मुद्दा तीन पाहावा. मुद्दा तीनमध्ये लिहिलंय, अडचण आल्यास संबंधित सरांना भेटावं.

बावीस कारखाने झाले, मामा. बावीस ठिकाणी नन्नाचा पाढा. आता आपल्या गावापासून दोन तासांवरचा एकच मोठा रंगखाना उरलाय, तुझा. जिथे तू बावीस वर्षं डाइंग मास्तर होतास. तिथे कुणी ओळखीचं उरलं असेल तर एक ओळ लिही. एकच ओळ. तुला विचारायला मला लाज वाटते, पण लाजेला कॉलेजात हजेरी लागत नाही.

तुझा,
भिंगरी


४ फेब्रुवारी

मामा,

नाही लिहिलंस. ठीक आहे.

वर्गातल्या निम्म्या पोरांना त्यांच्या मामांनी कुठे ना कुठे चिकटवलंय. एकाचा मामा सूतगिरणीत मॅनेजर, एकाचा मामा बटणांच्या कारखान्यात. बटणं म्हणजे कापड नव्हे, पण परिपत्रक सरांना चाललं; मुद्दा नऊ. परवा एकाने मला विचारलं, "आजोबा, तुम्हाला मामा नाही का?" मी म्हटलं, "आहे, पण तो रजेवर आहे."

तेविसावा कारखाना मोजे विणणाऱ्यांचा. फाटकावरच्या माणसाने वहीत नाव लिहून घेतलं, कुणाला भेटायचं ते लिहून घेतलं, कशासाठी ते लिहून घेतलं, आणि मग सांगितलं की साहेब गावाला गेलेत. मी म्हटलं, "हे आधी सांगायचं नाही का?" तो म्हणाला, "आधी नोंद, मग उत्तर. शिस्त आहे."

चोविसाव्यात एक बाई म्हणाल्या, ऑनलाइन अर्ज भरा. भरला. उत्तर आलं, आपला अनुभव किती वर्षांचा? अनुभव मिळावा म्हणूनच येतोय की नाही! पंचविसावा बंद पडलेला निघाला, आत कबुतरं. त्यांनी तरी नोंद मागितली नाही.

वैतागून कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो. माझी तिथली जोडीदारीण फार हुशार पोरगी आहे, तिला दोन महिन्यांपूर्वीच जागा मिळाली. आम्ही मिळून प्रयोग करतो म्हणजे ती करते आणि मी नळी धरतो. एक प्रयोग असतो, नळीतून थेंबथेंब सोडायचं आणि खालचं पाणी फिकट गुलाबी व्हायला लागलं की त्याच क्षणी थांबायचं. मला तो क्षण कधी सापडलाच नाही. ती म्हणते "थांब", मी थांबतो. मग वहीत आमचं उत्तर अचूक येतं. ती म्हणाली, "आजोबा, मी गेल्यावर तुझं कसं व्हायचं? लक्ष कुठे असतं तुझं?"

लक्ष! सगळ्यांना माझं लक्ष हवंय, कारखाना कुणी देत नाही.

मी तुझ्या ओळीशिवायच जाणार आहे तुझ्या रंगखान्यात. पुढच्या आठवड्यात. तुला सांगून ठेवलं, एवढंच.

भिंगरी


११ फेब्रुवारी

मामा,

जाऊन आलो.

फाटकावर अजून तीच पद्धत आहे, बूट काढून ठेवायचे आणि त्यांचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवायचे. आत सगळीकडे पाणी. फाटकवाला स्टुलावर बसून माझ्या पायाचं माप डोळ्यांनीच घेत म्हणाला, "कुणाकडून आलात?" मी तुझं सांगितलं. तो खुदकन हसला. "म्हणजे हिरव्या मास्तरांकडून?" मी विचारलं, हिरवे का? तर म्हणे, "ते आत विचारा."

मला राग आला. पायात एक बूट चढवलेला असताना रागावणं अवघड असतं, तोल जातो.

आतलं तुला सांगायला नको. वाफ, मशिनांचा घरघराट, दोरीसारखं पिळलेलं कापड वरून खाली, खालून वर. मी उभाच राहिलो. मला वाटतं पाव तास उभा होतो. एक कामगार म्हणाला, "ओ भाऊ, कापड वाळायला टाकलंय की तुम्हाला?"

मग वरच्या लॅबमध्ये गेलो. तिथे एक बाई आहेत. बारीक, साठीच्या आसपास, चष्मा दोरीला बांधलेला, टेबलभर कापडाचे तुकडे. त्यांना सगळे तुकडेबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. प्रत्येक रंगाचा तुकडा त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय माल बाहेर पडत नाही. मी तुझा भाचा म्हटल्यावर त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला आणि माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मीच नाक पुसलं.

एक लहानशी परीक्षा घेतली. ठीक झाली. जागेचं बघून सांगते म्हणाल्या. बहुतेक नाहीच देणार.

दमलोय. उद्या कॉलेज आहे.

भिंगरी


१२ फेब्रुवारी

मामा,

काल मी अर्धंच लिहिलं. परीक्षा ठीक झाली नाही.

तुकडेबाईंनी पत्र्याची एक चपटी पेटी उघडली. तिच्यात बोटभर रुंद कापडाचे पन्नासेक तुकडे. त्यांना खिडकीपाशी उजेडात पसरून म्हणाल्या, "एकसारखे एका ढिगात. घाई नको." मला हायसं वाटलं. बावीस-पंचवीस ठिकाणी माझे गुण विचारले होते, अनुभव विचारला होता. इथे नुसते ढीग. मी पटापट लावले, आणि वर ऐटीत हातही झटकले.

"किती झाले?"

"सात."

"आठ हवेत."

मी पुन्हा पाहिलं. सातच. म्हटलं, "बाई, तुमचा एक ढीग कुठे हरवलाय."

त्या हसल्या नाहीत. माझ्या शेवटच्या ढिगातले तुकडे त्यांनी एकेक उलटे केले. मागे आकडे लिहिलेले. निम्म्यांवर तीन, निम्म्यांवर सात. "हे तीन म्हणजे तपकिरी, आणि हे सात म्हणजे हिरवा. शेवाळी हिरवा. तुला एकच दिसतात?"

मामा, मला एकच दिसत होते. मी त्यांना उजेडात धरलं, लांब धरलं, डोळे बारीक केले. मला वाटलं माझी चेष्टा चाललीय.

मग बाईंनी कपाटातून एक जुनी नमुनावही काढली. पानापानावर कापडाचे तुकडे डकवलेले, खाली तारीख, खाली सही. सात वर्षांपूर्वीचं एक पान उघडून त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं. दोन तुकडे. "डावीकडचा मागितलेला. उजवीकडचा आपण पाठवला."

मी पाहिलं आणि म्हटलं, "मग? बरोबरच आहे की."

त्या खुर्चीत बसल्या. चष्मा काढला. म्हणाल्या, "हेच. अगदी हेच तो म्हणाला होता. या शब्दांत."

तुला तो लॉट आठवत असेल. दवाखान्याच्या शिपायांच्या गणवेशाचं कापड, तपकिरी. साडेतीन हजार मीटर. शेवटी रंगाची थोडी भर घालायची होती आणि ती घालताना रंग हिरव्यावर गेला. तुझा जोडीदार, जो रोज तुझ्याबरोबर मशिनीशी उभा असायचा, तो त्या दिवशी आजारी होता. बाई म्हणाल्या, "मला वाटायचं त्या दोघांची दोस्ती आहे म्हणून मास्तर त्याला विचारल्याशिवाय मशीन थांबवत नाही. 'झालं का रे?' म्हणायचा, तो 'झालं' म्हणायचा. बावीस वर्षं. मी समोर बसून पाहिलं आणि माझ्या डोक्यात आलं नाही."

मग त्याच पानावर बोट ठेवून: "तुकडा माझ्याकडे यायला हवा होता. उशीर झाला होता, गाडी उभी होती. मीच म्हटलं, मास्तरांनी पाहिलंय ना, मग झालं. त्याला काढलं आणि मला ठेवलं."

वही त्यांनी का ठेवली ते मी विचारलं नाही.

फाटकातून बाहेर येताना फाटकवाला म्हणाला, "कळलं का हिरवे का ते?" मी म्हटलं, "नाही. मला हिरवं दिसत नाही."

भिंगरी


२० फेब्रुवारी

मामा,

आधी एक खोटं दुरुस्त करतो. पहिल्या पत्रात लिहिलं की त्या दिवशी मी बाहेर होतो. मी घरातच होतो, आतल्या खोलीच्या दारात. तू येऊन सांगितलंस की काढून टाकलं. आई म्हणाली, "एवढा मोठा माणूस, झोपा काढत होतास का?" आणि मी, सतरा वर्षांचा दीडशहाणा, म्हणालो, "झोपेत स्वप्नंसुद्धा चुकीच्या रंगाची पडत असतील." आणि हसलो. तू आईकडे नाही पाहिलंस. माझ्याकडे पाहिलंस. मग वाकून बूट घातलेस आणि गेलास. बूट घालायला तुला किती वेळ लागला ते मला अजून आठवतं. कुणी एक शब्द बोललं असतं तरी तू थांबला असतास.

ट्रकवर काय आणि बंदरात काय, मी सगळीकडे तोंड बंद ठेवायला शिकायला गेलो होतो असं समज. शिकलो नाही ते दिसतंच आहे.

तर पुढे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं.

"आकडा दिसतोय?"

"कुठला आकडा?"

दुसरं पान. "आता?"

"आता नुसती खरूज दिसतेय."

त्या म्हणाल्या, "जन्मापासून आहे. लाल-हिरव्याचा घोळ. आईकडून मुलाकडे येतं, तिला स्वतःला नीट दिसतं. मामा आहे का?"

"आहे. म्हणजे होता. म्हणजे आहे."

"त्यांना विचारून बघा. बहुतेक त्यांनाही असेल."

आईला फोन केला. सगळं सांगितलं, वहीचं पान, डॉक्टरीणबाई, तुझा जोडीदार. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "म्हणजे ते मोजे..." आणि खरंच कट केला.

दोन दिवसांनी तिचा फोन. इकडचं तिकडचं, पाण्याचा नळ, शेजारच्यांचं बाळ. शेवटी म्हणाली, "त्याला लिहितोस ना तू? मग लिही, की त्याचं कार्ड मी डब्यात ठेवलंय." मी म्हटलं, "ते मी आधीच लिहिलंय." म्हणाली, "पुन्हा लिही." तर हे पुन्हा.

आता कामाचं. तुकडेबाईंनी जागा दिली! रंगावर नाही. खालच्या चाचणी खोलीत, कापड ओढून फाडायचं, धुवून किती आटतं ते मोजायचं. "रंग बघायला माझे डोळे आहेत. फाडायला तुझे हात चालतील. आणि तुझा मामा वासावरून सांगायचा की कापड किती शिजलंय. तुला येईल." म्हणजे काखेत कळसा आणि मी पंचवीस गावांना वळसा.

मी पत्र घेऊन उड्या मारत परिपत्रक सरांकडे. त्यांनी फॉर्म दिला. सगळं भरलं. शेवटच्या पानावर: 'रंगदृष्टी योग्य / अयोग्य. लागू नसलेले खोडा.'

माझी जोडीदारीण बाजूलाच होती. म्हणाली, "खोड की 'अयोग्य', कोण बघतंय?" मी पेन्सिलने खोडलंही. मग तू डोळ्यांसमोर आलास, मशिनीशी उभा, 'झालं का रे?' बावीस वर्षं रोज दुसऱ्याच्या 'झालं'ची वाट बघायची, तो आजारी पडू नये म्हणून त्याच्यापेक्षा जास्त काळजी करायची. मामा, मला तेवढा दम नाही. मी सहा महिन्यांतच फुटेन. रबर मागून घेतलं आणि 'योग्य' हा शब्द खोडला, शाईने.

हात दाखवून अवलक्षण. सरांनी फॉर्म पाहिला, परिपत्रक काढलं. "मुद्दा सतरा. असा दोष असलेली व्यक्ती या उद्योगात काम करू शकते याचा पुरावा जोडावा."

"पुरावा म्हणजे काय सर?"

"ते परिपत्रकात नाही."

"मग मी काय जोडू?"

"पुरावा."

भिंतीवर डोकं आपटावं तर भिंतही परवानगीशिवाय मिळणार नाही.

तुकडेबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुरावा तर आहे. बावीस वर्षं हजारो लॉट, एक चुकला. मी लिहून देते." मग पेन खाली ठेवलं. "पण नाही. त्याने स्वतः कधी तोंडाने सांगितलेलं नाही. माणसाच्या डोळ्यांबद्दल त्याच्या पाठीमागे मी सही करणार नाही. सात वर्षांपूर्वी त्याच्या नावावर एक गोष्ट ढकलली, तेवढी पुरे. त्याला विचार."

म्हणून विचारतो. एका कागदावर लिहून रंगखान्याच्या पत्त्यावर पाठव (सत्तावीसला मी तिथेच टपालाची वाट बघत बसेन), की मला हे रंग वेगळे दिसत नाहीत आणि मी बावीस वर्षं डाइंग मास्तर होतो. सही. मला कळतंय मी काय मागतोय. जे तू जोडीदाराखेरीज कुणाला कळू दिलं नाहीस, ते एका खिडकीत फाईलला लावायला मागतोय, आणि मागणारा कोण, तर हसलेला पोरगा.

नको वाटलं तर नको लिहूस. खरंच. ट्रकवर वाईट नसतं, फक्त पाठ दुखते. पण निदान एवढं कळव, तुला माहीत होतं ना? की तुलाही आम्ही सगळ्यांनी मिळून 'लक्ष नाही, लक्ष नाही' असंच पटवलं होतं?

भिंगरी


२७ फेब्रुवारी, दुपार

मामा,

लॅबबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय, पायात रबरी बूट. सव्वा बारा. कॉलेज इथून पाऊण तासावर, खिडकी चारला बंद.

तुकडेबाईंनी पुराव्याचं पत्र टाइप करून ठेवलंय. दोन ओळी सोडून. त्या दोन ओळी तुझ्या. सकाळपासून त्यांनी तीनदा बाहेर येऊन विचारलं, "टपाल?" तीनदा मी मान हलवली. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही, चहाचा कप ठेवून गेल्या.

तुझा मला भयंकर राग आलाय, हे लिहून ठेवतो. पाच पत्रं! पाच पत्रांना माणूस निदान शिवी तरी पाठवतो. एक कार्ड टाकायला काय झालं होतं? 'खुशाल आहे' लिहिलं असतंस तरी मी त्यातून काहीतरी काढलं असतं. आणि मग वाटतं, तो पत्ताच जुना असेल, आणि मी गेला महिनाभर कुणा अनोळखी माणसाला आमच्या घरच्या मोज्यांची हकिकत कळवतोय. तो बिचारा वाचून म्हणत असेल, पुढे काय झालं?

सकाळी परिपत्रक सरांना फोन केला, मुदत वाढेल का? म्हणाले, वाढेल, वाढल्याचं परिपत्रक निघालं की. मी विचारलं, कधी निघेल? म्हणाले, मुदत संपल्यावर.

इथे बसून खालचं दिसतं. आज बारा नंबरच्या मशिनीत काहीतरी गडद चाललंय. रंग मला विचारू नकोस. पण वाफेला मघापासून वेगळा वास येतोय, किंचित गोडसर, आधी नव्हता. मी आत जाऊन बाईंना म्हटलं, "बारा नंबरचं शिजत आलंय वाटतं." त्यांनी घड्याळ पाहिलं, खाली फोन लावला, ऐकलं, ठेवला. म्हणाल्या, "दोन मिनिटं आहेत अजून." आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर येऊन बसलो.

म्हणजे जमलं असतं बघ मला हे. तेवढ्यासाठीच चीड येते.

साडेबारा. हे इथेच थांबवून टपालात...

थांब. फाटकवाला जिना चढून आलाय, धापा टाकत. म्हणतोय, खाली एक गृहस्थ आलेत. नाव सांगत नाहीत, कुणाला भेटायचंय ते सांगत नाहीत, वहीत सही करायला तयार नाहीत. म्हणतात सही वर जाऊन करायचीय. "फक्त एवढंच म्हणाले, भिंगरीला बोलवा. ही भिंगरी कोण हो?" आणि मग हसू दाबत: "रबरी बूट घालायला बसलेत. एका पायात हिरवा मोजा, एका पायात तपकिरी!"

तुकडेबाई माझ्या आधी खिडकीशी पोचल्यात. चष्मा वर करून बघतायत.

मीही बघतोय, मामा. स्टुलावर बसलायस, वाकून. केस पांढरे झालेत. आणि मोजे, तुझ्या गळ्याची शप्पथ, दोन्ही एकाच रंगाचे आहेत.